रक्तातील प्रथिने आणि जैवक्रियाशील काच

हाडातील पोकळी भरून काढण्यासाठी परके द्रव्य वापरावयाचे झाल्यास ते शरीराशी कोणतीही क्रिया न करणारे असावे, अशी समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रूढ होती. परंतु अशा निष्क्रिय द्रव्याभोवती शरीर तंतुमय ऊतीचे वेष्टन निर्माण करते आणि त्यामुळे हाड व द्रव्य ह्यांचा खरा सांधा जुळत नाही. १९६९ साली फ्लॉरिडा विद्यापीठात लॅरी हेंच ह्यांनी निराळा मार्ग चोखाळला. वजनाने ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड, २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड अशा घटकांची काच त्यांनी तयार केली. उंदरांच्या मांडीच्या हाडात बसविलेले ह्या काचेचे तुकडे सहा आठवड्यांनंतर ओढूनही निघेनात. ‘४५एस५’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या काचेवरील पहिला निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. पुढे मध्यकर्णातील अस्थिका, दातांभोवतालचे हाड अशा ठिकाणी तिचा वापर होऊ लागला.

हा सांधा कसा जुळतो ह्याचे रासायनिक स्पष्टीकरण आता सर्वमान्य आहे. खिडकीच्या काचेत सिलिकेचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर असते; येथे ते बरेच कमी असल्यामुळे काचेची जाळी सैल असते. द्रवाचा स्पर्श होताच काचेतील सोडियम आयन बाहेर पडतात व त्यांची जागा हायड्रोजन आयन घेतात. पृष्ठाशी सिलिकेचा जलयुक्त थर बनतो. त्यावर कॅल्शियम व फॉस्फेट साचतात. आणि काही तासांत त्यांचे रूपांतर हाडातील खनिजाशी साम्य असलेल्या कार्बोनेटयुक्त ॲपेटाइटात होते. हाडाचा सांधा जुळतो तो ह्या थराशी.

हे स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे. त्यात द्रव म्हणजे जणू क्षारांचे पाणी असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेच्या जखमेत काचेला प्रथम भेटते ते रक्त. आणि रक्तद्रवाच्या प्रत्येक लिटरमध्ये साधारणतः ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात. त्यांत निम्म्याहून अधिक वाटा अल्ब्युमिनाचा, तर फायब्रिनोजेन २ ते ४ ग्रॅम असते. ही प्रथिने काही क्षणांतच काचेच्या पृष्ठावर बसतात. ह्या क्रियेस ‘अधिशोषण’ म्हणतात. ‘शोषण’ आणि ‘अधिशोषण’ ह्यांतील भेद येथे कटाक्षाने पाळावयास हवा : शोषणात पदार्थ आत मुरतो, अधिशोषणात तो पृष्ठावर धरला जातो. पेशी तेथे येऊन पोहोचतात त्या नंतर. त्यामुळे पेशींची गाठ उघड्या काचेशी पडतच नाही, ती पडते प्रथिनांच्या थराशी.

हा थर स्थिरही नसतो. लिओ व्रोमान ह्यांनी दाखवून दिले की, रक्तद्रवातून काचेवर प्रथम बसलेले फायब्रिनोजेन थोड्याच वेळात दुसऱ्या प्रथिनांकडून हटविले जाते. विपुल व चपळ प्रथिने आधी पोहोचतात. मागाहून येणारी, संख्येने थोडी परंतु पृष्ठास अधिक दृढपणे धरणारी प्रथिने त्यांची जागा घेतात. ह्या घटितास आज व्रोमान ह्यांचेच नाव दिले जाते. जैवक्रियाशील काचेच्या बाबतीत प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो, कारण येथे प्रथिनांप्रमाणे पृष्ठही पालटत असते. सिलिकेचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, आणि अल्ब्युमिनासारख्या प्रथिनांवरील एकूण भारही शरीरात ऋणच असतो. तरीही ती बसतात. कारण त्यांच्या रेणूंवर धनभारित भाग असतात, आणि काचेतून सुटलेले कॅल्शियम आयन दोहोंमध्ये सेतूचे काम करू शकतात. वाढत्या खनिजथरात काही प्रथिने गुंतूनही राहतात.

ह्याचे परिणाम दुहेरी आहेत. एकीकडे प्रथिने काचेचे पृष्ठ झाकतात, कॅल्शियम आयनांना बांधून ठेवतात आणि त्यामुळे ॲपेटाइटाची निर्मिती मंदावते. दुसरीकडे फायब्रोनेक्टिनासारख्या प्रथिनांवाचून पेशींना पृष्ठावर पाय रोवता येत नाही. आर्जिनीन, ग्लायसीन व ॲस्पार्टिक आम्ल ह्या तीन ॲमिनो आम्लांचा क्रम पेशी ओळखतात, हे १९८४ साली निश्चित झाले. परंतु हा क्रम पेशींना सापडावयाचा तर प्रथिनाने पृष्ठावर योग्य आकारात बसावयास हवे. म्हणजे प्रथिन किती बसले एवढेच नव्हे, तर ते कसे बसले हेही महत्त्वाचे ठरते.

आता प्रयोगशाळेकडे वळू. १९९० च्या सुमारास जपानमध्ये तादाशी कोकुबो ह्यांनी रक्तद्रवातील आयनांशी मिळताजुळता असा कृत्रिम द्राव प्रचारात आणला. द्रव्य त्यात बुडवून त्यावर ॲपेटाइट येते की नाही हे पाहण्याची कसोटी २००७ साली आंतरराष्ट्रीय मानकात समाविष्ट झाली. ही कसोटी सोपी व स्वस्त आहे, आणि तीमुळे प्राण्यांवरील प्रयोगांची संख्या कमी करता येते. परंतु ह्या द्रावात प्रथिने मुळीच नसतात. २००९ साली बोनर आणि लमेत्र ह्यांनी ह्या उणिवेकडे लक्ष वेधले. बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे द्रव्य हाडाशी चांगले सांधले जाते, तरी ह्या द्रावात त्यावर ॲपेटाइट नेहमीच दिसून येत नाही. केवळ ह्याच कसोटीवर विसंबल्यास उपयुक्त द्रव्य टाकून दिले जाईल, अथवा निरुपयोगी द्रव्य रुग्णापर्यंतच्या वाटेवर पुढे सरकेल.

‘जैवक्रियाशील’ हे विशेषण आपण काचेस लावतो. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. परंतु त्यामुळे हा गुण केवळ काचेच्याच अंगी आहे असा भास होतो. वस्तुतः तो काच, द्रव, प्रथिने व पेशी ह्यांच्यातील संबंधाचा गुण आहे. म्हणून एखाद्या प्रबंधात हा शब्द योजताना चाचणी कोणत्या द्रवात झाली, त्यात प्रथिने होती काय, असल्यास कोणती व किती, एवढा तपशील त्याच वाक्यात देणे इष्ट होय. तो नसेल तर दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष एका शब्दाखाली येतील, पण त्यांची तुलना करता येणार नाही.