चुंबकानं ढवळलेले भोवरे

मंडळी, पैनगंगेला पूर आला की सहस्रकुंडाखाली पाणी कसं गरगरतं, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. तो भोवरा लहान-मोठा होतो, हळू फिरतो, जोरात फिरतो. त्याला कसलंच बंधन नाही. आज आपण ज्या भोवऱ्यांबद्दल बोलणार आहोत त्यांना मात्र बंधन आहे.

सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली ढाक्याहून आइन्स्टाइनना एक लेख पाठवला. त्यातून पुढं भाकीत निघालं, की वायू पुरेसा थंड केला तर त्यातले अणू मिळून एकाच लाटेसारखे वागतील. प्रयोगात हे जमायला १९९५ उजाडलं. थंड म्हणजे किती? निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा एक कोटीवा भाग, साधारण एवढंच! भारतात मुंबईच्या टीआयएफआरमध्ये असा वायू तयार झालेला आहे, आणि पुण्याच्या आयसरमध्येही यावर काम चालतं.

आता हा वायू फिरवला तर काय होईल? बादलीतल्या पाण्यासारखा तो सगळा मिळून फिरत नाही. लाट एक फेरी मारून परत आली की तिला स्वतःशी जुळावंच लागतं, म्हणजे त्या फेरीत पूर्ण संख्येइतक्याच लाटा बसतात. अर्धी, पाऊण चालत नाही. म्हणून प्रत्येक भोवऱ्याचं फिरणं ठरावीक मापाचं असतं, आणि त्याच्या मधोमध अणूच नसतात, नुसतं भोक. जास्त जोरात फिरवलं तर भोवरा मोठा होत नाही, भोवऱ्यांची संख्या वाढते. एमआयटीमध्ये २००१ साली सोडियमच्या वायूत शंभराहून जास्त भोवरे त्रिकोणी जाळीत मांडलेले दिसले. वायू खरोखर घर्षणाशिवाय वाहतो, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

तो वायू ढवळला होता लेझरनं, म्हणजे एका अर्थी चमच्यानं. डिस्प्रोसियमला चमचा लागत नाही. त्याचा प्रत्येक अणू छोटं चुंबक असतो, रुबिडियमच्या साधारण दहापट जोराचं. दोन अणूंमधलं चुंबकीय बळ मग शंभरपट होतं. अशी चुंबकं एकामागं एक असली तर ओढतात, शेजारी शेजारी असली तर ढकलतात. म्हणून बाहेरचं चुंबकीय क्षेत्र तिरपं केलं की गोल ढग त्या दिशेनं लांबट होतो. क्षेत्र फिरवलं की लांबट ढगही फिरतो. वेग नेमका जुळला की ढग डचमळतो आणि कडेनं भोवरे आत शिरतात. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या प्रयोगशाळेत, फ्रान्चेस्का फेर्लाइनो यांच्या गटानं २०२२ मध्ये हे करून दाखवलं.

आणि तिथं त्रिकोणी जाळी नव्हती. भोवरे ओळीत उभे होते! आपल्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल: सरी आणि वरंबा. अणूंना एकामागं एक राहणं सोयीचं, म्हणून क्षेत्राच्या दिशेनं त्यांचे वरंबे बनतात, आणि भोवरे सरीत बसतात. आम्हाला तर हे चित्र जाळीपेक्षा जास्त आवडतं, कारण चुंबकांची ओढ त्यात डोळ्यांना दिसते.

खरी कसोटी पुढची होती. याच वायूची एक विचित्र अवस्था आहे, सुपरसॉलिड. त्यात अणूंचे थेंब स्फटिकासारखे जागच्या जागी बसतात, तरी सगळं मिळून वाहतंही. वाहतं हे कशावरून? भोवरे दाखवा! पण थेंबांच्या मधे आधीच अणू विरळ असतात, त्यात भोक दिसणार कसं? म्हणून ढग मोकळा सोडून, पसरताना लाटा एकमेकींत मिसळून जी नक्षी उमटते, तीत भोवऱ्याची खूण शोधली गेली. इन्सब्रुकलाच ती सापडली आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

याचा आकाशाशीही संबंध आहे. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण पल्सारचे ठोके ऐकते. हे न्यूट्रॉन तारे हळूहळू मंदावतात, आणि मधेच एखादा अचानक वेग घेतो. आतल्या अतिप्रवाही द्रवातले भोवरे घट्ट कवचात अडकून बसतात आणि एकदम सुटतात, अशी त्याची समजूत आहे. इन्सब्रुक आणि इटलीतल्या ग्रान सास्सोच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये गणितानं दाखवलं, की डिस्प्रोसियमच्या फिरत्या सुपरसॉलिडमध्येही भोवरे तसेच अडकतात, आणि सुटले की थेंबांची रचना क्षणभर जोरात फिरते.