नववीचं 'इंग्लिश वन': समज आणि वस्तुस्थिती

न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये वाढलेलं मराठी मूल आठवी संपवून हायस्कूलला जातं, वेळापत्रकात 'इंग्लिश वन' दिसतं आणि आईबाबा निर्धास्त होतात. इंग्रजी तर पोराला आपल्यापेक्षा चांगलं येतं, त्यात आणखी काय शिकायचं! अमेरिकेतल्या या विषयाबद्दलचे निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

हा तास भाषा शिकवण्याचा नाही. ज्यांना इंग्रजीच नवीन आहे, त्यांच्यासाठी 'ईएसएल'ची सोय वेगळी असते. व्याकरण इथेही असतं, पण बरंचसं निबंध तपासताना, ओघाओघाने. मुख्य काम म्हणजे वाचून मत बनवायचं आणि ते त्याच मजकुरातून सिद्ध करायचं.

'रोमिओ अँड ज्युलिएट' बऱ्याच शाळांत नववीलाच असतं. ज्युलिएटला चौदावं पूर्ण व्हायला जेमतेम पंधरवडा बाकी आहे, म्हणजे ती वर्गातल्या मुलींच्याच वयाची. समजा, बाईंनी विचारलं, की ही दोघं नशिबामुळे मेली की घाईमुळे? नशिबाची बाजू घेणाऱ्याने पाचव्या अंकातलं पत्र दाखवावं: साथीच्या संशयावरून जॉन नावाच्या साधूला एका घरात कोंडतात आणि रोमिओला निरोप पोचतच नाही. घाईला दोष देणाऱ्याने चौथा अंक उघडावा: ज्युलिएटचे वडील गुरुवारी ठरलेलं लग्न अचानक बुधवारवर आणतात. पुरावा नेमका असेल तर दोघांनाही पूर्ण मार्क मिळू शकतात. शिवाय समोरचा काय आक्षेप घेईल, तेही मांडून त्याला उत्तर द्यायचं. अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या, २०१० च्या 'कॉमन कोअर' या शैक्षणिक निकषांत नववी-दहावीच्या लेखनाकडून ही अपेक्षा स्पष्ट लिहिलेली आहे. गाइडमधली उत्तरं पाठ करून पुढे आलेल्या मुलाची इथे पंचाईत होते.

'यंदा नववीला कुठलं पुस्तक आहे?' हा प्रश्नही तिकडे गैरलागू. बालभारतीसारखं सगळ्यांना एकच पुस्तक नसतं. शिक्षण राज्यांच्या अखत्यारीत येतं आणि काय वाचायचं ते बहुधा स्कूल डिस्ट्रिक्ट किंवा शाळाच ठरवते. एका शाळेत 'ओडिसी', दुसरीत सांद्रा सिस्नेरोसचं 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट', तिसरीत 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. टेक्सास आणि व्हर्जिनियाने तर 'कॉमन कोअर' कधी स्वीकारलंच नाही.

याच निकषांमुळे कथा-कविता हद्दपार झाल्या, ही ओरडही बरीच झाली. बारावीपर्यंत ७० टक्के वाचन माहितीपर असावं, असा आकडा त्यात आहे खरा. पण तो एकट्या इंग्रजीच्या तासाचा नाही. इतिहास, विज्ञान, सगळ्या विषयांतलं वाचन मिळून तो धरलेला आहे. तळटीप न वाचता आकडा तेवढा उचलला गेला, दुसरं काय! नववीच्या इंग्रजीत भाषणं आणि लेख असतात, तशा कादंबऱ्या आणि नाटकंही असतात.

राहिला 'नववीचे मार्क कोण बघतं' हा दिलासा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशाचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना दहावी-अकरावीच्याच ग्रेड धरते, तेव्हा त्यात थोडं तथ्य आहे. मात्र तीच युनिव्हर्सिटी चार वर्षांचं इंग्रजी मागते, त्यात किमान 'सी' ग्रेड लागते आणि त्या चारांतलं पहिलं वर्ष नववीचं असतं.