अर्ध्या ग्रॅमची साक्ष

गाई-बैलांच्या मेंदूला स्पंजासारखी छिद्रे पाडणारा प्रायॉन रोग, म्हणजे ‘मॅड काऊ’ या नावाने लोकांच्या कानावर आलेला बीएसई, जनावर जिवंत असेपर्यंत खात्रीने ओळखता येत नाही. रोगकारक हा जीवाणू किंवा विषाणू नसून शरीरातीलच एका प्रथिनाची चुकीची घडी पडून झालेले रूप आहे. शरीर त्याला परके मानत नाही, ताप येत नाही, प्रतिपिंडे तयार होत नाहीत, आणि म्हणून रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत काहीच सापडत नाही. निदान होते ते जनावर मेल्यानंतर, मेंदूच्या देठातून काढलेल्या तुकड्यावर. या तुकड्यातील जेमतेम अर्धा ग्रॅम ऊती त्वरित चाचणीत वापरली जाते, आणि तिच्या साक्षीवर एखाद्या देशाचे पशुधन निर्धोक ठरते किंवा ठरत नाही.

भारतात या रोगाची नोंद नाही आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताला ‘नगण्य जोखीम’ हा दर्जा दिला. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमांलगत असलेल्या देगलूर तालुक्यात पाहिले तर या दर्जामागचे कारण गोठ्यातच दिसते. ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखला गेलेला आणि पुढे १ लाख ८० हजारांहून अधिक जनावरांत आढळलेला हा रोग पसरला, तो मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी खुराकात मिसळल्याने. देगलूरकडील लाल कंधारी किंवा देवणी बैलाच्या दावणीत असतो तो ज्वारीचा कडबा, सोयाबीनचे भुसकट आणि ऐपत असेल तर सरकीची पेंड. तरीही ‘रोग नाही’ आणि ‘रोग सापडला नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत, आणि त्यांच्यातील अंतर किती हे चाचणीवर, त्याहून अधिक नमुन्यावर अवलंबून असते.

युरोपीय संघाने २००१ मध्ये तीस महिन्यांपुढील जनावरांचे नमुने कत्तलखान्याच्या रांगेतच घेण्याची सक्ती केली. महाराष्ट्रात गाईंची आणि २०१५ पासून बैल-वळूंचीही कत्तल बंद असल्यामुळे तो मार्ग येथे नाही. नमुना मिळू शकतो तो गोठ्यात किंवा रानात मेलेल्या जनावराचाच. असे जनावर तासाभरात गावाबाहेर जाते किंवा पुरले जाते, आणि शेतकऱ्याने दवाखान्यात कळवले नाही तर पुढची कोणतीही यंत्रणा कामाला लागत नाही. शिवाय चाल अडखळणे, हात लावताच दचकणे, धार काढताना लाथा झाडणे ही बीएसईची लक्षणे एकट्या बीएसईची नव्हेत. पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा, सर्रा, खनिजांची कमतरता किंवा विषबाधा यांतही जनावर असेच वागू शकते. रेबीजची लक्षणे दिसू लागलेले जनावर काही दिवसांतच मरते, तर बीएसईत आठवडे आणि महिने जातात. म्हणून मज्जासंस्थेची लक्षणे दीर्घकाळ दाखवणारे आणि रेबीजच्या तपासणीत निर्दोष ठरलेले जनावर या शोधात सर्वांत मोलाचे असते.

नमुना घेण्याची कृती लहान आहे, पण तिच्यात चुकण्याच्या जागा फार आहेत. मान कवटीपासून सोडवल्यावर कवटीच्या मागच्या बाजूस, जिथून मज्जारज्जू आत शिरतो, तिथे एक मोठे छिद्र दिसते; दुहेरी हातमोजे, मुखपट्टी आणि डोळ्यांवर चष्मा घातलेला पशुवैद्य लांब दांड्याचा धारदार चमचा त्या छिद्रातून हाडाला चिकटवत आत सरकवतो, भोवतीच्या नसा कापत तो फिरवतो आणि मेंदूचा देठ अखंड बाहेर ओढतो. हाताच्या अंगठ्याएवढा, फिकट पांढरा असा हा भाग ताटलीत पालथा-उताणा करून पाहिला की एका जागी मेंदूतील चौथी पोकळी निमुळती होत इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी मिटलेली दिसते. त्या टोकाला ऑबेक्स म्हणतात. विकृत प्रथिन सर्वांत आधी आणि सर्वांत दाट साचते ते याच जागेच्या आसपासच्या चेतापेशींच्या पुंजांत. दोन-तीन सेंटिमीटर पुढचा-मागचा तुकडा गेला, तर रोगी जनावरही निरोगी ठरू शकते.

तुकडा मग मधोमध उभा चिरला जातो. एक अर्धा फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकासाठी. दुसरा कोणतेही रसायन न लावता बर्फात, त्वरित चाचणीसाठी. सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये बुडवला तर त्वरित चाचणीचा रस्ता बंद होतो, आणि सगळा बर्फात ठेवला तर ऊतींची रचना वाचता येत नाही. देगलूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात मृत जनावराचा मेंदू काही तासांत सैल पडू लागतो. ऊती पातळ झाल्या तरी प्रायॉन टिकून राहतो, म्हणून अशा नमुन्यात दोष आढळला तर तो ग्राह्य धरता येतो, परंतु ऑबेक्सची जागाच ओळखता न आल्यामुळे ‘निगेटिव्ह’ या शब्दाला फारसे वजन राहत नाही.

प्रयोगशाळेत, भारतात प्रामुख्याने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत, या ऊतींवर प्रथिने तोडणारे एक विकर सोडले जाते: निरोगी प्रथिन विरघळते, विकृत रूपाचा गाभा उरतो आणि प्रतिपिंडांच्या साहाय्याने तो पकडला जातो. पद्धत भक्कम आहे, तरी एकटी पुरेशी नाही. समजा, एखादी चाचणी हजारात एकदाच खोटा इशारा देते. मग १ लाख निरोगी जनावरांत सुमारे १०० इशारे उठतील, आणि रोगच नसलेल्या प्रदेशात ते सगळे खोटे असतील. उलट दिशेची चूक अमेरिकेत घडली. तिथे नोव्हेंबर २००४ मध्ये एका गाईचा त्वरित चाचणीतील संशय ऊतींच्या रंजन-तपासणीने फेटाळला गेला, आणि जून २००५ मध्ये वेगळ्या पद्धतीने फेरतपासणी झाल्यावर व ब्रिटनमधील वेब्रिज येथील प्रयोगशाळेने दुजोरा दिल्यावर ती गाय रोगी ठरली.

नमुन्यासोबत जाणाऱ्या कागदावरील वयाचा रकाना सहसा घाईत भरला जातो, आणि तोच निकालाचा अर्थ ठरवतो. रोग अंगात मुरायला सरासरी चार ते पाच वर्षे लागतात आणि चाचणी तो पकडते लक्षणांच्या आधीच्या अखेरच्या काही महिन्यांतच. त्यामुळे दोनदाती किंवा चारदाती गोऱ्ह्याचा निर्दोष अहवाल जवळजवळ काहीच सांगत नाही, तर दात जुळलेल्या, काही वर्षे औत ओढलेल्या बैलाचा अहवाल पुष्कळ सांगतो. मराठवाड्यात असे बैल आहेत, आणि त्यांचे खरे वय जबड्यापेक्षा मालकाच्या आठवणीत अधिक नेमके सापडते: तो कोणत्या पोळ्याला पहिल्यांदा सजला होता, हे घरात कोणालातरी ठाऊक असते.