सुईआधीचा खेळ

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. यात अस्थिमज्जेतील अपरिपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी रक्तपेशी तयार व्हायला जागाच उरत नाही. या आजारावरील उपचार साधारणपणे दोन ते अडीच वर्षे चालतात. तेवढ्या काळात चार-पाच वर्षांच्या मुलाला रक्ततपासणीसाठी वारंवार टोचून घ्यावे लागते, व्हिन्क्रिस्टिनसारखी औषधे शिरेतून घ्यावी लागतात आणि पालक ज्याला ‘पाठीतून पाणी काढणे’ म्हणतात त्या प्रक्रियेत, मणक्यांमधल्या द्रवात मेथोट्रेक्सेट सोडण्यासाठी, अंगाची कमान करून निश्चल पडून राहावे लागते. इतक्या खेपा झाल्या की मुलाला सवय होईल, अशी मोठ्यांची समजूत असते, पण ती बहुधा खोटी ठरते. सुरुवातीच्या खेपा धाकदपटशाने पार पाडल्या, तर भीती झिजत नाही, साचत जाते. काही मुलांना पुढेपुढे औषध अंगात जाण्याआधीच, रुग्णालयाच्या फाटकाशी किंवा स्पिरिटच्या वासानेही उलटी होते, आणि उलटीवरची नेहमीची औषधे अशा वेळी फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण ही उलटी पोटातून नव्हे, आठवणीतून आलेली असते.

ही भीती साचू न देण्याचे जे कसब आहे, ते ‘खेळातून पूर्वतयारी’ या साध्या शब्दांत सांगता येते, आणि ते करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला अमेरिकेतील रुग्णालयांत चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणतात. या कामाला फार जुना इतिहास नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत आईवडिलांना ठरावीक वेळेपुरतेच मुलाला भेटू दिले जाई, कारण भेट संपली की मूल रडते आणि भेटच झाली नाही तर शांत राहते, असा परिचारिकांचा अनुभव होता. ती शांतता समाधानाची नसून हताशेची असते, हे जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली रुग्णालयातील एका दोन वर्षांच्या मुलीवर केलेल्या चित्रपटातून दाखवून दिले, आणि 1959 च्या प्लॅट समितीच्या अहवालाने पालकांच्या मुक्त भेटींची शिफारस केली. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे पोलिओ विषाणूवरील संशोधनासाठी नोबेल मिळालेले फ्रेडरिक रॉबिन्स यांनी 1955 साली एमा प्लँक यांना बोलावून घेतले. त्या व्हिएन्नात माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या होत्या. खेळ आणि शिक्षण हे रुग्णालयातील मनोरंजन नसून उपचाराचाच भाग आहे, या भूमिकेवर त्यांनी तेथे स्वतंत्र विभाग उभा केला आणि 1962 साली त्यावर पुस्तक लिहिले. ताराबाई मोडकांमुळे ज्या महाराष्ट्राला माँटेसरीचा परिचय झाला, तेथील बालवाडीच्या शिक्षिकेला या विभागाची कार्यपद्धती परकी वाटण्याचे कारण नाही.

या कसबाचे मुख्य साधन म्हणजे एक कापडी बाहुली, आणि तिला बहुधा नाकडोळे नसतात, कारण चेहरा मुलाने स्वतः काढायचा असतो. बाहुलीसोबतचे सामान मात्र खरे असते : सुई काढून टाकलेली सिरिंज, सलाईनची नळी, कापूस, चिकटपट्टी, रक्तदाब मोजण्याचा पट्टा. ज्या मुलाला पोर्ट बसवायचा आहे, त्याच्या बाहुलीच्या छातीवर कापडाखाली बटण शिवलेले असते. पोर्ट म्हणजे गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेआड बसवलेली, नाण्याएवढी छोटी डबी. तिची नळी मोठ्या शिरेत जाते आणि औषध देताना सुई त्या डबीच्या सिलिकॉनच्या चकतीत टोचली जाते, त्यामुळे हातापायांच्या शिरा पुन्हा पुन्हा शोधाव्या लागत नाहीत. मूल आधी बाहुलीच्या छातीवरचा उंचवटा बोटाने चाचपते, कापूस गार लागतो हे स्वतःच्या हातावर लावून पाहते, चिकटपट्टी काढताना कशी ओढ बसते ते अनुभवते आणि मग स्वतः डॉक्टर होऊन बाहुलीला औषध देते. जाणकार व्यक्ती या वेळी शिकवते कमी आणि पाहते जास्त. एखादे मूल सुई टोचण्याआधी बाहुलीचे तोंड दाबून धरत असेल, तर त्याला सुईपेक्षा ‘रडायचे नाही’ या दटावणीची धास्ती अधिक आहे, अशी शंका घ्यायला जागा असते. एखादे मूल बाहुलीला ‘तू ऐकत नाहीस म्हणून’ असे बजावते, तेव्हा आजार ही आपल्या खोडीची शिक्षा आहे, ही तीन ते सहा वर्षांच्या मुलांत सहज आढळणारी समजूत उघडी पडते आणि ती तेथल्या तेथे, स्पष्ट शब्दांत दूर करावी लागते.

ही समजूत पक्की करण्यात आपल्या घरांचाही हात असतो, हे कबूल केलेच पाहिजे. जेवत नाही, झोपत नाही म्हणून ‘डॉक्टरकाका सुई टोचतील’ असे ज्या मुलाला वर्षानुवर्षे ऐकवले गेले, त्याला तीच सुई एके दिवशी औषध म्हणून पटवून देणे फार अवघड जाते. ‘काही दुखणार नाही’ हे आश्वासन तितकेच घातक, कारण पहिल्याच टोचणीला ते खोटे ठरते आणि पुढे आईचे खरे बोलणेही मूल मानत नाही. त्याऐवजी टोचेल, थोडा वेळ दुखेल आणि मग थांबेल, हे क्रमाने सांगावे. अगदी लहान मुलाला त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी, मोठ्याला काही दिवस आधी. टोचायचे की नाही हा पर्याय मुलाला देऊ नये, कारण तो खरा पर्याय नाही. उजवा हात की डावा, बघायचे की तोंड फिरवायचे, हे मात्र त्याने ठरवावे. लिडोकेन आणि प्रिलोकेन असलेले मलम सुमारे तासभर आधी लावून झाकून ठेवले, तर त्वचा बधिर होते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हा तास पाळला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. चौघांनी मुलाला पलंगावर दाबून धरण्याऐवजी आईने त्याला मांडीवर, छातीशी छाती लावून बसवले आणि हात परिचारिकेकडे दिला, तर हालचालही आवरते आणि मूल आईच्या कुशीतच राहते.

किरणोपचारात अडचण वेगळी असते. मेंदूच्या गाठीसाठी किरण देताना डोके दररोज नेमके त्याच जागी राहावे, म्हणून थर्मोप्लास्टिकची जाळीदार पाटी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. थंड झाल्यावर ती कडक मुखवट्यासारखी होते आणि टेबलाला घट्ट अडकवली जाते. वेदना नसते, पण जाड भिंतींच्या खोलीत मुलाला एकट्यानेच पडून राहावे लागते, आई काचेपलीकडे किंवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर. अगदी लहान मुलाला यासाठी आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे भूल द्यावी लागते, म्हणजे रोज उपाशीही ठेवावे लागते. मुखवट्याचा तुकडा आधी हातात खेळायला देणे, त्यावर वाघ किंवा मांजर रंगवणे, यंत्राचा आवाज ऐकवणे, आईचा आवाज ध्वनिवर्धकातून गोष्ट सांगत राहील अशी व्यवस्था करणे, एवढ्यानेच काही मुले भुलेशिवाय पडून राहू शकतात.

मुंबईत परळला 1941 साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात बिहार, बंगाल, ईशान्य भारत अशा दूरदूरच्या भागांतून मुले येतात. राहायचे कोठे, हा त्यांच्या पालकांपुढचा पहिला प्रश्न असतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि 2006 पासून काम करणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स यांसारख्या ठिकाणी तो काही अंशी सुटतो. घरासारखे शिजवलेले अन्न आणि सोबतीला त्याच अवस्थेतली इतर मुले मिळाली, की रुग्णालयाची सकाळही थोडी हलकी होते. परंतु भोजपुरी किंवा बंगाली बोलणाऱ्या मुलाशी बाहुलीचा खेळ खेळायचा तर त्याची भाषा जाणणारे माणूस लागते, आणि भारतातील बहुतेक रुग्णालयांत हे काम समुपदेशक, समाजसेवक व स्वयंसेवक आपापल्या वेळेतून करतात; त्यासाठी मंजूर पद नसते. भूलतज्ज्ञाविना शस्त्रक्रिया कोणी करत नाही, मग पूर्वतयारीविना पाच वर्षांच्या मुलाची पाठ टोचणे चालते कसे, हा प्रश्न व्यवस्थापनाला विचारला गेला पाहिजे. पद मंजूर होईपर्यंत बालरुग्ण विभागातील परिचारिकांच्या प्रशिक्षणात मांडीवर धरण्याची पद्धत, मलमाचा तास आणि बाहुलीचा खेळ यांचा समावेश करता येईल, आणि त्याला कोणत्याही महागड्या यंत्राची गरज नाही.