फ्लोरा ससून : पेढी, घर आणि समाज

मुंबईच्या बगदादी ज्यू समाजात जन्मलेल्या फ्लोरा गब्बे या व्यापारी डेव्हिड ससून यांच्या पणती. 1876 मध्ये त्यांचा विवाह ससून घराण्यातीलच सॉलोमन यांच्याशी झाला. हिब्रू, अरबी, हिंदुस्थानी, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या भाषा त्यांना येत; धर्मग्रंथांचा व्यासंग तर त्या काळातील स्त्रीच्या दृष्टीने विरळाच.

1894 मध्ये पतीचे निधन झाल्यावर तीन मुलांची आई असलेल्या फ्लोरा यांनी डेव्हिड ससून आणि कंपनीच्या मुंबई पेढीचा कारभार हाती घेतला. कापूस, सूत, अफू यांच्या उलाढालीत मुरलेल्या पुरुषांना एका विधवेचे हुकूम पाळणे फारसे रुचले नसावे. जीवाणूशास्त्रज्ञ वॅल्डेमार हाफकिन यांच्या लसीलाही त्यांनी जाहीर पाठबळ दिले. 1896 पासून प्लेगने मुंबई उजाड होत होती आणि लोक सुईला घाबरत होते, त्यामुळे या पाठबळाला मोल होते.

1901 मध्ये त्या मुलांसह लंडनला गेल्या. तिथले घर विद्वान, पाहुणे आणि मदत मागणाऱ्यांनी गजबजलेले असे. प्रवासातही धर्मनियम काटेकोर: सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष आणि विधिपूर्वक पशुवध करणारा शोहेत असा लवाजमाच बरोबर. 1924 मध्ये लंडनच्या ज्यूज कॉलेजात त्यांनी भाषण केले आणि पुढे मध्ययुगीन भाष्यकार राशी यांच्यावर निबंध लिहिला. मुलगा डेव्हिड हिब्रू हस्तलिखितांचा नामवंत संग्राहक झाला. त्याच्या संग्रहाची सूची 1932 मध्ये निघाली. फ्लोरा यांचे निधन 1936 मध्ये झाले.