अनुस्वार दिसला पाहिजे

सकाळी ७
दिवाळी अंकांची प्रुफं आली की ऑक्टोबरपर्यंत माझा बहुतेक दिवस लॅपटॉपसमोर जातो. म्हणून कामाआधी टेबल लावते. खिडकी डाव्या हाताला ठेवली आहे. ती समोर असली तर उजेड डोळ्यांवर येतो आणि पाठीमागे असली तर स्क्रीनमध्ये चमकते.

लॅपटॉपचा पडदा कीबोर्डला जोडलेला असतो, हीच त्याची मूळ अडचण. हात सोयीत ठेवले की मान वाकते, पडदा उंच केला की मनगटं अवघडतात. त्यावर वेगळा कीबोर्ड आणि माउस हाच खरा उपाय, आणि खर्च करायचाच तर तो आधी इथे करावा. स्टँड नसला तरी चालतं. माझा लॅपटॉप जुन्या अंकांच्या गठ्ठ्यावर आहे, खालची हवेची जाळी तेवढी मोकळी ठेवली आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर. कोपरं टेबलाच्या उंचीला येतील एवढी खुर्ची वर घेतली की माझे पाय अधांतरी राहतात, म्हणून पायांखाली पाट.

सकाळी ९
प्रुफांचा पहिला फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, उघडते. इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे अक्षराचा आकार. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. एवढं सगळं एका ओळीच्या उंचीत बसवायचं, म्हणून मूळ अक्षराला जागा कमी उरते. इंग्रजी मजकूर ज्या आकारात आरामात वाचता येतो, त्या आकारात मराठी वाचताना मान पुढे जाते. साडेपंधरा इंची, १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर १०० टक्के स्केल ठेवलं तर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ नीट निरखल्याशिवाय वेगळे वाटत नाहीत. ‘शुद्ध’ची ‘शुध्द’ झालेली चूक तर अशा आकारात हमखास निसटते.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले असं गेलं की स्केल सापडतं. मी ते १५० टक्क्यांवर ठेवते. त्यानं मेनू, फायलींची नावं, मेल सगळं मोठं होतं. प्रुफाचं पान मात्र झूम करूनच मोठं करावं लागतं. ते रुंदीभर पसरवून मी ओळ ओळ खाली सरकते. अक्षर मोठं दिसावं म्हणून रेझोल्यूशन कमी करणं टाळा. पडद्याचे बिंदू ठरलेले असतात. त्यांच्याशी न जुळणारं रेझोल्यूशन निवडलं की अक्षरांच्या कडा धूसर होतात आणि अनुस्वाराचा नुसता डाग उरतो.

सकाळी ११
चाळिशीनंतर चष्मा हाही या मांडणीचाच भाग होतो. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगात वाचनाचा नंबर खाली असतो, त्यामुळे उंच पडद्याकडे पाहताना हनुवटी वर जाते आणि दुपारपर्यंत मान धरते. असा चष्मा असणाऱ्यांनी पडदा थोडा खाली घ्यावा, किंवा डोळे आणि स्क्रीन यांतलं अंतर टेपनं मोजून डॉक्टरांना सांगावं आणि तेवढ्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा.

दुपारी १
जेवायला उठण्याआधी स्क्रीनशेजारी कोरा कागद धरते. पडदा कागदापेक्षा झगझगीत दिसला तर ब्राइटनेस कमी, मळका दिसला तर जास्त. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की उजेड आपोआप उतरू शकतो. पुढचं पान उघडण्याआधी तो पुन्हा बघून घ्यावा.

दुपारी ३
डोळे चुरचुरायची ही वेळ. स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात आणि बुबुळ कोरडं पडतं. तोंडावर येणारा पंख्याचा वारा त्यात भर घालतो, म्हणून टेबल पंख्याच्या थेट खाली नको. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहायचं, हा नियम मी पाळते. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी त्याला पुरते.

संध्याकाळी साडेसहा
ट्यूबलाइट लागते. तिचं प्रतिबिंब पडू नये म्हणून पडदा थोडा पुढे झुकवते. विंडोजच्या नाइट लाइटचा पिवळसर रंग मला आवडतो, पण थकव्यावर तो औषध आहे असं मी मानत नाही. नाइट लाइटसारखाच निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं २०२३ मध्ये घेतला. साध्या चष्म्याच्या तुलनेत अशा चष्म्यांनी डोळ्यांचा ताण अल्पकाळात कमी होतो, असं त्यात आढळलं नाही. त्या चष्म्याचे पैसे कीबोर्डला द्यावेत. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरंही मी टाळते. माझ्यासारखा सिलिंडरचा नंबर असला तर ती फुटल्यासारखी दिसतात आणि बारीक मात्रा त्यात विरघळतात.

रात्री ८
शेवटचा फॉर्म मेलनं जातो, लॅपटॉप बंद.

तुम्हीही रोज मराठी वाचत-लिहीत असाल तर उद्या काम सुरू करण्यापूर्वी एवढं करा. खुर्चीला पाठ टेकून बसा आणि नेहमीच्या आकारात ‘शुद्ध’ व ‘शुध्द’ शेजारी शेजारी टाइप करा. पुढे न झुकता फरक दिसला नाही तर स्केल एक पायरी वाढवा. तरीही दिसला नाही तर डोळे तपासून घ्या.