परदेशी कोण, हे ठरते कसे? नवा कायदा, न्यायालयांचे निकाल आणि आपले कारखाने

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड, रसायने, औषधे, पोलाद असे नाना प्रकारचे कारखाने आहेत. त्यांच्या आधाराने भंगार, वेल्डिंग, फर्निचर, शिलाई, बांधकाम, खानावळ असे कितीतरी छोटे धंदे पालघरपर्यंत उभे राहिले आहेत. या धंद्यांतला कारागीर पुष्कळदा उत्तर प्रदेश, बिहार किंवा बंगालमधून आलेला असतो. त्यातही जो बंगाली बोलतो आणि मुसलमान आहे, त्याच्याकडे "हा बांगलादेशी तर नसेल?" अशा संशयाने पाहिले जाते.

व्यापारी बंधूंचे या बाबतीत दोन प्रश्न असतात. उद्या पोलिसांनी माझ्या कारागिराला परदेशी म्हणून नेले तर काय करावे? आणि त्याला कामावर किंवा खोलीवर ठेवल्याबद्दल माझ्यावर बालंट येईल का? थोडक्यात उत्तर असे की, आधार कार्ड दाखवून नागरिकत्व सिद्ध होत नाही, आणि नुसत्या संशयावरून कोणाला देशाबाहेर घालवता येत नाही. या दोन्ही गोष्टी न्यायालयांनी सांगितल्या आहेत. निकाल कोणत्या बाजूला झुकेल ते गावाकडचे जुने कागद आणि ते किती लवकर हजर होतात यावर ठरते. म्हणून हा विषय आज या पानावर घेत आहोत.

प्रथम एक गल्लत दूर करू. पोलीस एखाद्या गुंडाला जिल्ह्याबाहेर काढतात ती तडीपारी. ती महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली होते आणि भारतीय नागरिकावरही होऊ शकते. येथे आपण बोलतो आहोत ते देशाबाहेरच्या हद्दपारीविषयी. ती केवळ परदेशी माणसाचीच होऊ शकते. आपल्या नागरिकाला देशाबाहेर घालवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

नवा कायदा काय सांगतो?

१९४६ चा परदेशी नागरिक कायदा आता राहिलेला नाही. संसदेने २०२५ मध्ये इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट संमत केला आणि तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० या सालांचे चार जुने कायदे त्याने रद्द केले. वैध पारपत्र व व्हिसा नसताना देशात शिरणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खोटी पारपत्रे किंवा प्रवासाची बनावट कागदपत्रे वापरणाऱ्यास वा पुरवणाऱ्यास किमान दोन व कमाल सात वर्षे कैद आणि एक ते दहा लाख रुपये दंड आहे. घर, लॉज वा खोली परदेशी माणसास देणाऱ्याने त्याची माहिती अधिकाऱ्यांना कळवली पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची तरतूद जुन्या कायद्यातून नव्यात आली आहे. सामान्य फौजदारी खटल्यात गुन्हा शाबीत करण्याची जबाबदारी सरकारची असते. येथे उलटे आहे. "मी परदेशी नाही" हे त्या माणसानेच सिद्ध करायचे असते. गरीब मजुराची खरी अडचण येथेच सुरू होते.

आसाममध्ये परदेशी कोण हे ठरवण्यासाठी खास न्यायाधिकरणे आहेत. महाराष्ट्रात तशी नाहीत. आपल्याकडे एकतर गुन्हा दाखल होऊन दंडाधिकाऱ्यांसमोर खटला चालतो, नाहीतर पोलीस चौकशी करून हद्दपारीची कारवाई करतात. केंद्राने हा अधिकार १९५८ पासून राज्यांकडे सोपवला आहे. दुसरा मार्ग फार वेगाने जातो, त्यामुळे सावध राहायचे ते त्या बाबतीत.

सर्वोच्च न्यायालयाने घातलेला लगाम

शाबितीची जबाबदारी माणसावर आहे, तर मग पोलिसांनी रस्त्यावरच्या कोणालाही पकडून "सिद्ध कर" म्हणावे काय? ११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ व न्या. अहसानुद्दीन अमानुल्लाह यांनी याचे उत्तर "नाही" असे दिले. प्रकरण आसाममधील एका गृहस्थाचे होते. न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला परदेशी ठरवले होते. न्यायालयाने म्हटले की, संशयाला आधार देणारी काही ठोस माहिती आधी सरकारकडे असली पाहिजे, ती त्या माणसाला दिली पाहिजे, आणि मगच शाबितीची जबाबदारी त्याच्यावर येते. नावाच्या स्पेलिंगमधील किंवा तारखांमधील किरकोळ फरकावरून कोणाला परदेशी ठरवता येणार नाही, हेही स्पष्ट केले. बारा वर्षांनी तो गृहस्थ भारतीय ठरला.

हा मुद्दा आपल्या कारागिरांना फार जवळचा आहे. एकाच माणसाचे आडनाव एका कागदावर "शेख", दुसऱ्यावर "सेख" आणि तिसऱ्यावर नुसते "एसके" असे असते. लग्नाआधी "खातून" असलेली बाई लग्नानंतर "बीबी" होते. या निकालामुळे अशा फरकाचा बाऊ करता येत नाही. तरीही आपणहून फरक दुरुस्त करून ठेवणे शहाणपणाचे, कारण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्यास लागणारी वर्षे मजुराजवळ नसतात.

कार्ड आहे, मग चिंता कसली?

हा समज धोक्याचा आहे. आधार कायद्यातच म्हटले आहे की, आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. अमित बोरकर यांनी १२ ऑगस्ट २०२५ रोजी ठाणे जिल्ह्यातील एका प्रकरणात जामीन नाकारताना म्हटले की, आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने माणूस आपोआप नागरिक होत नाही. ही कार्डे ओळखीसाठी व सेवा मिळवण्यासाठी आहेत आणि नागरिकत्व ठरते ते १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने. जामिनाच्या आदेशातील मत म्हणजे खटल्याचा अंतिम निकाल नव्हे, पण खालची न्यायालये व पोलीस त्याकडे पाहतात. याच्या उलट, २०२१ च्या सुरुवातीस प्रसिद्ध झालेल्या एका निकालात मुंबईतील दंडाधिकाऱ्यांनी मतदार ओळखपत्र ग्राह्य धरून एका जोडप्याची मुक्तता केली होती. मतदार होताना नागरिकत्वाचे प्रतिज्ञापन द्यावे लागते व ते खोटे निघाल्यास शिक्षा होते, हा त्यामागचा विचार होता. म्हणजे एकाच कार्डाकडे दोन न्यायालये दोन दृष्टींनी पाहू शकतात. केवळ कार्डावर विसंबून राहणे बरे नाही.

मग कोणता कागद चालतो? ते जन्माच्या तारखेवर आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेल्यास आपला जन्म भारतात झाला एवढेच दाखवावे लागते. १ जुलै १९८७ पासून डिसेंबर २००४ च्या आरंभापर्यंत जन्मलेल्यास आई किंवा वडील यांपैकी एकजण भारतीय होते हेही दाखवावे लागते. ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक आहे. दोघेही भारतीय असावेत, किंवा एक भारतीय असून दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे आज चाळीस वर्षांच्या आतल्या बहुतेक कारागिरांना स्वतःच्या कागदांबरोबर आईबापांचे कागदही लागतात. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाचा जमिनीचा उतारा, २००२ सालची किंवा त्याआधीची मतदार यादी हे कागद एकमेकांना जोडले की साखळी तयार होते.

जन्मदाखला नसेल म्हणून कोणा दलालाकडून उशिराची नोंद "करून घेण्याच्या" भानगडीत पडू नये. महाराष्ट्रात २०२५ पासून अशा नोंदींची छाननी फार कडक झाली आहे. खरा नागरिक खोट्या कागदापायी गुन्हेगार ठरतो, असा हा सापळा आहे.

घाईच्या हद्दपारीचे प्रसंग

हा प्रश्न आजचा नाही. जुलै १९९८ मध्ये मुंबईतील बंगालीभाषक जरी कारागिरांना बांगलादेशी म्हणून रेल्वेने बंगालकडे नेले जात असताना हावड्याजवळच्या उलुबेरिया स्थानकावर लोकांनी गाडी अडवून त्यांना सोडवले होते. आपण येथले भारतीय आहोत, असे त्यांपैकी अनेकांचे म्हणणे होते. तेव्हा रेल्वेला वाटेत दोन दिवस लागत, म्हणून गावात बातमी तरी पोहोचली.

जून २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या मीरा रोडवरून बंगालमधील मुर्शिदाबाद व बर्दवान भागांतील काही मजुरांना पकडून थेट सीमेपलीकडे ढकलण्यात आले. गावच्या पंचायतीचा दाखला व वंशावळ पाठवूनही उपयोग झाला नाही, असे एकाच्या कुटुंबाने सांगितले. पश्चिम बंगाल सरकारने हस्तक्षेप केला आणि दोन्ही देशांच्या सीमा दलांत बोलणे झाले, तेव्हा ते परत आले.

दिल्लीत मजुरी करणाऱ्या, बीरभूम जिल्ह्यातील दोन कुटुंबांतील सहा जणांनाही त्याच महिन्यात असेच पाठवण्यात आले. त्यांत एक गर्भवती स्त्री होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने ही हद्दपारी रद्द ठरवून त्यांना परत आणण्याचा हुकूम दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयात केंद्राने माणुसकीच्या नात्याने त्या स्त्रीला व तिच्या आठ वर्षांच्या मुलाला आणण्याचे मान्य केले आणि ५ डिसेंबर २०२५ रोजी ती दोघे परतली. उच्च न्यायालयाने विशेष बोट ठेवले ते घाईवर. केंद्रीय गृहखात्याच्या २ मे २०२५ च्या सूचनेप्रमाणे, जो माणूस स्वतःला दुसऱ्या राज्याचा रहिवासी म्हणतो त्याची त्या राज्याकडून तीस दिवसांत शहानिशा व्हायला हवी. येथे काही दिवसांतच सगळे उरकले गेले होते.

या तीस दिवसांची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. मुदतीत गावाकडून अहवाल आला नाही तर हद्दपारीची वाट मोकळी होते. म्हणून पहिला फोन गावाला गेला पाहिजे.

पोलिसांनी नेल्यास

एक, कोणत्या ठाण्यात, कोणत्या कारणासाठी नेले ते लगेच लिहून घ्या. अटक असेल तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे घटनेने बंधनकारक आहे. दोन, सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सांगितले आहे की, अटकेची कारणे लेखी आणि त्या माणसास समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात. बंगाली कारागिराला मराठी कागद देऊन भागत नाही. तीन, त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याला, पंचायतीला व जिल्हाधिकाऱ्यांना कागदांच्या प्रती पाठवून येथील ठाण्याकडे शहानिशेचे उत्तर त्वरित पाठवण्याची लेखी विनंती करा. चार, वकील परवडत नसेल तर कोठडीतील माणसास मोफत कायदेविषयक मदतीचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. पाच, माणूस कोठे आहे हेच कळेनासे झाले तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते. त्यात एक दिवसही दवडू नये.

मालकाने काय करावे?

कामगाराचे नाव, गाव, ठाणे, जिल्हा आणि घरच्या दोन माणसांचे फोन वहीत हवेत. तो सुट्टीवर गावी जाईल तेव्हा त्याला जुन्या मतदार यादीचा व जमिनीचा उतारा आणायला सांगा आणि प्रती त्याच्याजवळ, तुमच्याजवळ व गावी अशा तीन ठिकाणी ठेवा. मूळ कागद मात्र मालकाने अडकवून ठेवू नयेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेनुसार दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी प्रत्येकास नेमणूकपत्र द्यावे लागते. त्याहून लहान कारखान्यानेही ते द्यावे व पगार शक्यतो बँकेतून करावा. खोली भाड्याने दिली असेल आणि भाडेकरूची माहिती ठाण्यात देण्याचा आदेश लागू असेल, तर ती देऊन पोच घ्यावी. मालकाची वही नीट असेल तर "जाणूनबुजून आसरा दिला" हा आरोप टिकणे कठीण जाते.

आणखी एक गोष्ट आमच्या व्यापारी बंधूंना सांगावीशी वाटते. बालंट नको म्हणून बंगाली बोलणाऱ्याला कामावरून काढून टाकणे हा सोपा मार्ग वाटतो. पण ऑगस्ट २०२५ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला विचारले होते की, केवळ भाषेवरून माणसाला परदेशी मानले जाते काय? जो प्रश्न न्यायालय सरकारला विचारते, तो आपण आपल्या गल्ल्यावर बसून स्वतःलाही विचारावा. जो खरोखर परदेशी आहे त्याच्याबाबत कायदा आपले काम करील, त्याला लपवू नये. पण जो आपल्याच देशाचा आहे, ज्याच्या हातच्या कामावर आपला माल बाजारात जातो, त्याचे चार कागद वेळेवर गोळा करायला मदत करणे हे आपल्या व्यवहाराचेच काम आहे. हे काम या महिन्याच्या पगाराच्या दिवशीच सुरू करावे.